तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या हॉल्म्सबी गावात कुणाला भूक लागत नाही. निदान कुणी तसं कबूल करत नाही. तुम्ही एखाद्या घरी गेलात आणि तिथल्या बाईने कॉफी विचारली की म्हणायचं, "नको नको, आत्ताच घेऊन निघाले." तिने पुन्हा विचारलं की म्हणायचं, "कशाला उगाच त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की तिच्यावर उपकार केल्यासारखं म्हणायचं, "बरं, अर्धा कप दे." आणि मग तीन कप कॉफी आणि केकचे चार तुकडे रिचवायचे. पहिल्याच विचारण्याला "हो" म्हणणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर हावरट. आमच्या मिनेसोटाच्या या कोपऱ्यात दोन्हींत फारसा फरक करत नाहीत.

या ढोंगाची गावातली मुख्य पुजारीण म्हणजे आर्लिस ट्वेट. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो, ती डाव घेऊन आणि मी ट्रे घेऊन, तेव्हा तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचा मला हक्क आहे. एखाद्या पोराने विचारायच्या आधी ताटली पुढे केली की आर्लिस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायची, "काय रे, तुझ्या घरी चूल पेटत नाही वाटतं?" पोरगं कानापर्यंत लाल. पण त्याच पोराला ती एका श्वासात "घेतोस? घे की. अरे घे!" असं तीनदा विचारून डाव पालथा करायची. दोनशे पोरं, प्रत्येकाला तीनदा. कुणी उपाशी राहिलेलं तिला खपत नसे. उपाशी आहे असं म्हटलेलंही खपत नसे.

तिचा नवरा ऑर्विल तिच्या तालमीत तयार झालेला. दोन हिवाळ्यांमागे तो जिल्ह्याच्या हॉस्पिटलात हाडांच्या कॅन्सरने पडला होता. नर्सने विचारलं, "दुखतंय का? औषध देऊ?" हा म्हणाला, "नको, ठीक आहे." तासाभराने तिने पुन्हा विचारलं. "ठीकच आहे, तुम्ही तुमची कामं करा." तिसऱ्यांदा विचारायला ती आली तेव्हा ऑर्विल गेलेला होता. आर्लिस खाली फॉर्म भरत होती, खोलीत मी होते. चादरीवरच्या त्याच्या मुठी मी पाहिल्या होत्या. दफनानंतर चर्चच्या तळघरात आर्लिस मान ताठ करून म्हणाली, "शेवटपर्यंत त्याने कुणाला त्रास दिला नाही." सगळ्या गावाने माना डोलावल्या. मीही डोलावली, तोंडात हॅमचं सँडविच होतं. आर्लिसच्या मांडीवर बसून तिची पाच वर्षांची नात सोल्वी हे सगळं ऐकत होती.

पुढच्या वर्षी सोल्वीला रक्ताचा कॅन्सर निघाला.

गावाला अगदी उत्साहाचं भरतं आलं. आमच्याकडे कुणावर संकट आलं की आम्ही त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या ओसरीवर हॉटडिश ठेवून पळ काढतो. खिमा, बीन्स, डब्यातलं घट्ट सूप, वर बटाट्याचे तळलेले गोळे, आणि हे सगळं ओव्हनमधून काढलेलं. भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून तिच्यावर आपलं नाव, म्हणजे भांडं परत यावं आणि कुणी किती मोठं दिलं ते सगळ्यांना कळावं. भांडं रिकामंच परत जायला हवं, उरलेलं अन्न परत करणं म्हणजे देणाऱ्या बाईच्या तोंडावर थुंकणं. आर्लिसच्या ओसरीवर एका आठवड्यात अशी सतरा भांडी आली. त्यातलं एक माझं होतं. पोरीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, डॉक्टरांनी बजावलेलं की ताजं शिजवलेलं आणि गरम तेवढंच द्या, दोन तास बाहेर राहिलेलं काही नको. आणि आम्ही शहाण्या बायका ओसरीवर अर्धा दिवस ठेवलेलं अन्न तिला प्रेमाने पाठवत होतो. आर्लिसने ते सगळं मुलाला, सोल्वीच्या बापाला, डेलला, खाऊ घातलं, नाही तर कोंबड्यांना. आणि सतरा चिठ्ठ्या लिहिल्या: "फार छान झालं होतं." माझ्या हॉटडिशबद्दलची चिठ्ठी मी अजून ठेवली आहे. कोंबड्यांचं मत कळलं याचं समाधान.

त्यावर कडी केली कार्लीनने. कार्लीन चर्चचं पेटीवादन करते आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर डॉक्टर होते. ती बाटलीभर रस घेऊन आली, तळघरातलं बीट आणि केल नावाच्या पालेभाजीची कच्ची पानं कुटून काढलेला.

"साखर एकदम बंद करा," ती सोल्वीच्या आईला, रनेला, सांगत होती. "कॅन्सर साखरेवरच जगतो गं. साखर तोडली की उपाशी मरतो."

"आणि पोरगी?" आर्लिस म्हणाली. "ती कशावर जगते म्हणे? तुझ्या पेटीवर?"

"मी आपलं भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे. गावातलं प्रत्येक वाटोळं भल्यासाठीच झालंय."

रनेने मात्र गुपचूप पंधरा दिवस साखर तोडली. आईचं मन असतं, त्याला करायला काहीतरी लागतं. पंधरा दिवसांत कॅन्सर नाही रोडावला, सोल्वी रोडावली.

हॉस्पिटल गाडीने तीन तासांवर, शहरात. तिथली आहारतज्ज्ञ डेझिरे फाँटेनो ही लुइझियानाची, उंच आणि काठीसारखी. तिने रनेला समोर बसवून सांगितलं, "साखर तोडून आजार उपाशी मरत नाही, मूल मरतं. शरीर बटाट्यातूनही साखर करून घेतं. मला पोषण हवंय. लोणी, चीज, शेंगदाण्याचं लोणी, अंडं नीट शिजवलेलं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आईस्क्रीम खाल्लं तरी मी नाचेन."

आर्लिसला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. "हिच्या स्वतःच्या अंगावर मूठभर मांस नाही," ती मला म्हणाली, "आणि ही मला शिकवणार पोरांना कसं भरवायचं." पण मग तिनेही बटाट्याच्या लगद्यात दुधाची पावडर आणि मुबलक लोणी घालायला सुरुवात केली, आणि हे आपलंच डोकं असल्याचं सगळ्यांना सांगितलं. औषधांनी सोल्वीच्या तोंडाला लोखंडाची चव यायची, म्हणून प्लास्टिकचा चमचा. तोंडात फोड, म्हणून सगळं कोमट. आर्लिस सोमवार ते शुक्रवार खोलीत मुक्काम ठोकून असे, आणि तिच्या हातून सोल्वी खायची. फार नाही, पण खायची. नर्सा म्हणायच्या, आजीच्या हाताला चव आहे. आर्लिस म्हणायची, "छे, काहीतरीच," आणि तीनदा म्हटलं की मान्य करायची.

फेब्रुवारीत आर्लिसला सर्दी झाली. रनेला आणि तिच्या तान्ह्या बाळालाही. सर्दीवाल्या माणसाला त्या मजल्यावर पाऊल ठेवू देत नाहीत. डेल ट्रक चालवतो, कायम रस्त्यावर, तो जमेल तसा येऊन बसायचा आणि पोरीकडे बघून रडायचा, म्हणजे तोही कामाचा नाही. नऊ दिवस सोल्वी बहुतेक हॉस्पिटलच्या माणसांच्या हवाली होती. नऊ दिवसांत तिचं वजन साडेवीस किलोंवरून एकोणीस किलो तीनशे ग्रॅमवर आलं.

आर्लिसचा खोकला थांबला त्या बुधवारी मीच तिला गाडीतून घेऊन गेले. डेझिरेने आम्हाला दाराबाहेरच गाठलं.

"शुक्रवारी केमो आहे, सोमवारी वजन करणार. एकोणीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालायची. त्यापुढच्या केमोला अंगात ताकद हवी, थांबता येणार नाही."

"नळी," आर्लिस म्हणाली, जणू तिला कुणी शिवी दिली.

"ट्वेटबाई, नळी म्हणजे शिक्षा नाही. या मजल्यावरच्या अर्ध्या मुलांना आहे, आणि ती धावतात. अन्न दुसऱ्या दाराने आत येतं, एवढंच."

पण आत सोल्वी बसली होती, डोक्यावर केस नाहीत, शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या गालावरची नळीची पट्टी तिने पाहिलेली. ती आजीला मिठी मारून म्हणाली, "मला नळी नको." एकदाच म्हणाली. पण तो "नको" आमच्या गावचा नव्हता, खरा होता.

दुपारी ट्रे घेऊन एक मुलगी आली. "सोल्वी, जेवणार का?"

"नको, थँक्यू," सोल्वी गोड हसून म्हणाली.

"बरं हं," म्हणत मुलीने कागदावर खूण केली आणि ट्रे घेऊन वळली.

मी खिडकीतून बर्फ बघत होते. आर्लिसने माझं कोपर दाबलं. "व्हर्ना, पाहिलंस?"

"काय?"

"तिचे डोळे. ट्रेबरोबर दारापर्यंत गेले."

एकतीस वर्षं पोरांचे डोळे ताटलीवर कसे जातात हे बघण्यात गेली होती तिची. ती ताडकन उठली आणि डेझिरेला हाताला धरून आत घेऊन आली.

"तुमच्या मुलीने एकदा विचारलं आणि निघून गेली! ही कुठली पद्धत?"

"नको म्हणाली ना ती," डेझिरे म्हणाली. हातातले कागद चाळून तिने दाखवले. "नऊ दिवसांत एकेचाळीस वेळा नको म्हणालीय."

"म्हणणारच! तिसऱ्यांदा कोण विचारणार?"

"तिसऱ्यांदा?" डेझिरेने माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाकडे पाहिलं.

आर्लिस पलंगावर बसली. "सोल, भूक लागली होती का गं तुला?"

"हो."

"रोज?"

"रोज नाही. कधी कधी मळमळतं. कधी कधी लागते."

"मग लागते तेव्हा नको का म्हणतेस?"

सोल्वी आजीकडे अशी बघत होती, जणू आजीच परीक्षा घेऊन आजीच उत्तर विसरली आहे. "त्या पुन्हा विचारतच नाहीत. आणि आपण मागायचं नसतं. आजोबांनी कुणाला त्रास दिला नाही. तू म्हणालीस ना?"

चर्चमध्ये पाद्र्याला, शाळेत मुख्याध्यापकांना, पेट्रोल पंपावर कुणालाही आर्लिस गप्प करायची. सात वर्षांच्या पोरीने तिला तिच्याच शिकवणीने गप्प केलं. खरं सांगते, मला आधी हसू आलं, आणि मग माझीच लाज वाटली.

मग ती सावरली, म्हणजे दुसऱ्यावर चढली. "दारावर पाटी लावा. हिला तीनदा विचारायचं."

"नाही लावणार," डेझिरे म्हणाली.

"का? तुमची जीभ झिजेल?"

"तोंडात फोड आलेल्या मुलाला तीनदा खा खा केलं की ते अन्नालाच भिऊ लागतं. त्याच्या अंगात सुया आमच्या मर्जीने, औषधं आमच्या मर्जीने. तोंडात काय जायचं एवढंच त्याच्या हातात उरतं. तो नको मी मोडणार नाही. आणि तीनदा विचारलं तर त्यातला खरा नको कुठला हे मला कसं कळणार? आमच्याकडे लुइझियानात भूक लागली की माणूस स्वतः पातेल्यात डोकावतो. तिला हो म्हणायला शिकवा, ट्वेटबाई. पहिल्यांदा."

मला काठीचं म्हणणं पटलं. आर्लिसला पटलं नाही, पण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"सोल," ती घसा खाकरत म्हणाली, "इथे पहिल्यांदाच हो म्हणायचं."

"पण हावरट दिसतं."

"नाही दिसत."

"तू कधी म्हणालीस?"

डेझिरे बाहेर गेली आणि ट्रे घेऊन परत आली. त्यात मॅकरोनी चीज होतं, तेच, ज्याबद्दल आर्लिसने सगळ्या मजल्याला सांगितलं होतं की याने भिंतीला कागद चिकटवता येईल. "ट्वेटबाई, मॅकरोनी घेणार?"

"नको नको, आत्ताच..."

शब्द तिच्या तोंडून सुटले, पण ते तिची सत्तर वर्षं, तिची आई आणि आजी सगळ्यांनी मिळून म्हटले होते. "बरं," म्हणाली डेझिरे, आणि ट्रे घेऊन निघून गेली. दार बंद झालं.

"बघ," सोल्वी हळूच म्हणाली. "तिने एकदाच विचारलं."

आर्लिसने माझ्याकडे पाहिलं. मीही नको म्हणाले असते, आणि वर "अगं, राहू दे" सुद्धा. मग ती उठली, दार उघडलं आणि मोज्यांवरच बाहेर जाऊन त्या चकचकीत लांब कॉरिडॉरमध्ये ओरडली, "ए बाई! मला हवंय!" डॉक्टर थांबले. फरशी पुसणारा माणूस थांबला. आर्लिसची मान लालबुंद झाली.

डेझिरेने ट्रे परत आणला. आर्लिस खुर्चीत बसली आणि त्या चिकट पदार्थाचा शेवटचा कण संपेपर्यंत खात राहिली. मी तिला दुसऱ्याच्या घरी पूर्ण वाटी संपवताना कधी पाहिलं नव्हतं, एक घास उरवायचाच हा नियम. मग तिने, कुणी विचारलेलं नसताना, रिकामी वाटी पुढे केली. ज्या गुन्ह्यासाठी तिने एकतीस वर्षं पोरांचे कान लाल केले तोच. "अजून आहे का?"

सोल्वीचं तोंड उघडंच राहिलं. "आजी! हावरट दिसतेस."

"दिसू दे."

डेझिरे सोल्वीकडे वळली. "आणि तू, सोल्वी? खाणार?"

आर्लिसला दुसऱ्यांदा विचारायचं होतं. ते तिच्या ओठांवर आलं होतं, दिसत होतं मला. "घे की," एवढंच म्हणायचं होतं. तिने ओठ मिटले, तेही मॅकरोनी भरल्यासारखे, जरी वाटी रिकामी होती. सोल्वीने आजीकडे पाहिलं, रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "पण प्लास्टिकचा चमचा."

नऊ चमचे खाल्ले. मी मोजले. भिंतीला चिकटवायचा तो लगदा पोरीने नऊ चमचे खाल्ला.

मीही तिथेच राहिले. त्यानंतरच्या दिवसांत तिने कधी हो म्हटलं, कधी नको, आणि तिच्या नकोला कुणी धक्का लावला नाही. शुक्रवारी केमोच्या सकाळी ती आपणहून म्हणाली, "मला लेफ्सा हवाय." लेफ्सा म्हणजे आमची बटाट्याची पातळ पोळी, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेली. आर्लिस पिठाचा डबा उघडायला लागली तर डेझिरे म्हणाली, "आज नको. आज उलट्या होतील, आणि आवडीच्या पदार्थावर कायमचं मन उडतं. पाव द्या. लेफ्सा रविवारी." आर्लिसने मनातल्या मनात तिला काय म्हटलं ते मला तिच्या नाकपुड्यांवरून कळलं, पण डबा बंद केला. काठीला निदान एवढं ठाऊक होतं. रविवारी आर्लिसने मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ताजा लेफ्सा भाजून आणला. सोल्वीने दीड खाल्ला, वरून साखर चाटली. कार्लीन तिथे असती तर मूर्च्छा येऊन पडली असती. तेवढाच एक आनंद राहून गेला.

सोमवारी काटा एकोणीस किलो शंभर ग्रॅमवर थांबला. नळी नाही. निदान या आठवड्यात नाही, डेझिरेने लगेच सांगितलं, तिला खोटं गोड बोलता येत नाही. त्या आठवड्याला रने बरी होऊन आली होती. सोल्वीने आम्हाला दारातून हात केला आणि ट्रेवाल्या मुलीला म्हणाली, "आज काय आहे?"

परतताना मी गाडी चालवत होते. दोन्हीकडे शेतं पांढरी. आर्लिस मांडीवरच्या रिकाम्या डब्याचं झाकण उघडत, लावत बसली होती. मी थर्मासकडे बोट दाखवलं. "कॉफी घेतेस?"

"घेते," ती म्हणाली. ओतून घेतली, पण प्यायली नाही. कप दोन्ही हातांत धरून बसली.

"व्हर्ना."

"काय गं?"

"त्या दिवशी खोलीत तू होतीस. ऑर्विलला दुखत होतं का?"

आमच्या गावात याचं उत्तर ठरलेलं आहे. ठीकच होता गं, शांतपणे गेला. ते उत्तर मी दोन वर्षं तयार ठेवलं होतं, तिने पुन्हा विचारलं असतं तरी तेच दिलं असतं, आणि तिसऱ्यांदा विचारायची हिंमत तिला झाली नसती. आम्ही सगळे असेच एकमेकांना सोयीचे.

ती एकदाच विचारून थांबली होती.

"हो," मी म्हणाले. "खूप दुखत होतं."